आठव्यात तापी नको

आमच्या खानदेशात गरोदर बाईला आठव्या महिन्यात नदी ओलांडू देत नाहीत. सातव्यात चालतं, नवव्यात चालतं, आठव्यात चालत नाही. का, म्हणून विचारलं तर कोणाला सांगता येत नाही. उलट विचारणारीकडेच असं बघतात की जणू तिनेच काही अभद्र बोलून ठेवलंय. मी लहानपणापासून हे ऐकत आले आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडत आले. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आठव्या महिन्यात मी धुळ्याहून एरंडोलला, माहेरी, एसटीने गेले आहे. वाटेत लागतील तेवढे पूल ओलांडले. काही झालं नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या धाकट्या बहिणीचं जे झालं ते ऐकून लोक मान हलवतात आणि म्हणतात, "अडाणीपणा, दुसरं काय." मला त्या मान हलवण्याचा संताप येतो. त्या घरात अडाणी कोणी नव्हतं. तिचा नवरा पदवीधर आहे. सासूला सकाळी पेपर वाचल्याशिवाय चहा गोड लागत नाही. आणि मी धुळ्यात स्वतःचा धंदा चालवते, चार बायकांना काम देते. माझ्या बहिणीच्या जिवावर बेतलं ते आम्हा शहाण्या माणसांमुळे, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा माझा होता.

ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आईवडील दोघेही गेले तेव्हा ती कॉलेजात होती. तिचं लग्न मीच करून दिलं, शिरपूरच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला असलेल्या एका गावात. घर शेतकऱ्याचं, खाऊन-पिऊन सुखी, माणसं मायाळू. तिचा नवरा फार बोलत नाही, पण तिला चिखलात पाय टाकू देत नाही, असं ती हसून सांगायची. त्या गावाहून धुळ्याला यायचं तर मध्ये तापी लागते. मोठा पूल आहे, रुंद रस्ता आहे, दिवसरात्र ट्रक धावत असतात.

तिला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माझ्याकडे होणार हे ठरलेलंच होतं. आई नाही म्हटल्यावर थोरल्या बहिणीचं घर तेच माहेर. सातव्या महिन्यात तिची ओटी भरली, मी हिरवी साडी घेऊन गेले, फोटो काढले. तेव्हाच तिला बरोबर आणायचं होतं. नाही आणलं. "आठ दिवसांत येते न्यायला," असं म्हणून आले आणि आठ दिवसांनी तिच्या सासूचा फोन आला की केव्हा येताय.

माझा धंदा शाळेच्या गणवेशांचा. एप्रिल ते जून हे तीन महिने माझ्या घरात पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी तीन शाळांचं काम घेतलं होतं. मागची खोली, जी तिची व्हायची होती, ती चौकड्याच्या कापडाच्या गठ्ठ्यांनी छतापर्यंत भरलेली. सकाळपासून मशिनी सुरू. त्यात गरोदर बहीण आणायची, तिचं पथ्यपाणी बघायचं, डॉक्टरकडे न्यायचं, हे सगळं मला त्या वेळी नको झालं होतं. गठ्ठे हलवता आले असते. शेजारणीच्या गच्चीवर ठेवता आले असते. एक शाळा सोडता आली असती. मी यातलं काही केलं नाही. मी तिच्या सासूला फोनवर म्हटलं, "आता सातवा संपतच आलाय, घाईघाईत काय न्यायचं. आणि आठव्यात तापी नको ओलांडायला. नववा लागला की पहिल्याच दिवशी येते."

सासू इतकी खूश झाली की विचारू नका. शहरात राहून, धंदा करून बाई रीतभात धरून आहे, असं तिने गल्लीभर सांगितलं. मला कळलं तेव्हा मी गालातल्या गालात हसले होते. एक वाक्य टाकलं आणि महिनाभराची सवड मिळवली, असं वाटलं होतं मला. त्या हसण्याचा आता इतका राग येतो की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

तयारी नव्हती असं म्हणायलाही जागा नाही. त्या गावात एक आशाताई आहे. अशी बाई प्रत्येक गावाला मिळावी. तिने माझ्या बहिणीकडून आधीच सगळं लिहून घेतलं होतं. अडचण आली तर कोणत्या दवाखान्यात जायचं, धुळ्याला. गाडी कोणाची, शेजारच्यांची जीप. रक्त कोण देणार, धाकटा दीर आणि त्याचा मित्र. सोबत कोण जाणार, सासू. पिशवीत काय ठेवायचं. धोक्याची लक्षणंही तिने समजावून दिली होती: डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, तोंडावर-हातांवर सूज, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं. बहिणीने मला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं होतं, शाळेत पाठ म्हणतात त्या सुरात. मी मशीनवर होते. "छान, छान," म्हणाले. फक्त पिशवीत बाळाचे कपडे ठेवायला सासूने नको म्हटलं, कारण बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवायचं नसतं. त्यालाही मी हो म्हटलं. दिवसभर पोरांचे कपडे शिवणारी मी, मला ते सोयीचंच होतं.

सगळं लिहिलं होतं. घरातली मोठी माणसं आडवी आली तर काय करायचं, तेवढं कोणी लिहून घेतलं नव्हतं. ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आठवा लागला आणि तिला सूज यायला लागली. आधी पायांना, मग हातांना, मग तोंडाला. बांगड्या चढेनात. सासू म्हणाली, अंग धरलं, पोरगा होणार. शेजारणी म्हणाल्या, तोंडावर तेज आलंय. तिने मला फोटो पाठवला, गाल फुगलेले, डोळे बारीक झालेले. मी काय लिहिलं त्यावर? "किती गोड दिसतेस." आशाताई दोनदा घरी येऊन म्हणाली की तपासणीला चला, रक्तदाब बघू. एकदा घरी पाहुणे होते. एकदा अमावास्या होती. या दोन कारणांवर कोणाला हसू येत असेल तर त्याने आपल्या घरातली तपासणी कशामुळे पुढे ढकलली होती ते आठवून बघावं.

मग आठव्याचे शेवटचे दिवस उरले. पाच दिवसांनी नववा लागणार होता, मी तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवली होती. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आशाताई तिसऱ्यांदा घरी गेली, तेव्हा माझी बहीण ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत म्हणाली. पोटात वरच्या बाजूला दुखतंय, पित्त झालं असेल. डोक्याला बाम चोळलेला. आशाताईने तिथेच दाब मोजला, मशीन चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजला, आणि कोणाला न विचारता तिला उठवून आरोग्य केंद्रात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी लघवी तपासली, झटके येऊ नयेत म्हणून कमरेत दोन्ही बाजूंना इंजेक्शनं दिली, चिठ्ठी लिहिली. म्हणाल्या, आता एक मिनिटही थांबू नका, थेट धुळ्याला न्या, आईसाठी आणि बाळासाठी लागणारं सगळं तिथे एका ठिकाणी आहे, मी फोन करून ठेवते. इंजेक्शनाचा जोर काही तासांचा असतो, हेही सांगितलं. सरकारी रुग्णवाहिका वेळेवर येत नाही म्हणून आपण नेहमी बोंब मारतो. त्या दिवशी ती पंचवीस मिनिटांत दारात उभी होती. आत डॉक्टर होता, ऑक्सिजन होता. आणखी काय पाहिजे होतं कोणाला?

मला आशाताईचा फोन आला. हातातला शर्ट तसाच मशीनवर टाकून मी नवऱ्याबरोबर दवाखान्यात पोचले. माझ्याकडे काम करणाऱ्या दोन बायकांचे नवरे रक्त द्यायला आले. केसपेपरच्या खिडकीवर सांगून ठेवलं. गेटपाशी उभी राहिले. शिरपूर सोडलं की तासाभरात धुळं येतं. मी हिशेब केला, साडेबारापर्यंत येतील. पाऊण वाजला. एक वाजला. फोन लावला तर तिच्या नवऱ्याने उचलला. मागे भांडणाचा आवाज येत होता.

"अक्का, आबा नई म्हनी ऱ्हायनात," तो म्हणाला.

आबा म्हणजे त्याचे चुलते, घरातले सगळ्यात मोठे. शेतावरून ते थेट आरोग्य केंद्रावर आले होते आणि रुग्णवाहिकेच्या दारात उभे राहिले होते. कुठे नेता, तर धुळ्याला. म्हणजे तापी ओलांडून? आठव्यात? बोटांवर महिने मोजून त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. सेंधव्याला न्या म्हणाले. तिकडे ओळखीचा दवाखाना आहे आणि वाटेत तापी लागत नाही. सेंधवा मध्य प्रदेशात. तिथे जायचं तर सातपुडा चढावा लागतो, बिजासनचा घाट, जिथे एक ट्रक आडवा झाला की दोन-दोन तास कोणी हलत नाही. रुग्णवाहिकेतला डॉक्टर म्हणत होता की आम्हाला धुळ्याला न्यायचं सांगितलंय, तिकडे आम्ही येणार नाही. डॉक्टरबाई बाहेर येऊन हात जोडत होत्या. पाऊण तास हे चाललं होतं आणि माझी बहीण आत बाकावर झोपलेली होती.

मी फोनवर किंचाळले. आबांना द्या म्हटलं. आबांनी घेतला नाही, बायकांशी ते फोनवर बोलत नाहीत. सासूने घेतला. ती रडत होती. मी म्हटलं, अहो, डॉक्टर सांगताहेत, तिचा जीव जाईल, बसवा गाडीत आणि निघा. तेव्हा ती म्हणाली, "अक्का, तुम्हीच सांगेल शे ना, आठवामा तापी वलांडाले नको म्हनीसन. आते कशा पलटी गयात?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

त्या क्षणी मला चार शब्द बोलायचे होते. मी खोटं बोलले होते. एवढं बोलले असते तर सासूने आबांना बाजूला केलं असतं, याची मला खात्री आहे, कारण आबांच्या हातातलं हत्यार माझंच वाक्य होतं. धुळ्याच्या अक्काही हेच म्हणाल्या, असं ते प्रत्येकाला ऐकवत होते. मला ते चार शब्द बोलता आले नाहीत. तिच्या सासूसमोर खोटी पडायची लाज वाटली. दवाखान्याच्या गेटवर उभी राहून, बहीण मरणाच्या दारात असताना, मला माझी अब्रू आठवली. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "पाच दिवसांचाच प्रश्न आहे हो, नववा लागल्यातच जमा आहे. चार-पाच दिवस इकडे तिकडे चालतात."

तिने ते तसंच आबांना सांगितलं. आबा म्हणाले ते मला फोनमधून स्पष्ट ऐकू आलं. "नववा लागना का? नई लागना ना. मंग आठवाच शे."

त्यांचं चूक नव्हतं. महिने मोजायचा खेळ मीच मांडला, मग त्यात मी हरणारच.

तिच्या नवऱ्याकडून "आमच्या जबाबदारीवर नेतो" असं लिहून घेतलं आणि रुग्णवाहिका रिकामी परत गेली. शेजारच्यांची जीप आली. आशाताई कोणी न बोलावता त्या जीपमध्ये चढून बसली, म्हणून पुढचं मला तिच्याकडून कळलं. घाट अर्धा चढला आणि पुढे वाहनांची रांग लागली. एका कंटेनरचा टायर फुटला होता. जीप सव्वा तास जागेवर होती. तिथे तिला झटका आला. दात एकमेकांवर बसले, जीभ चावली गेली, डोळे वर गेले, अंग धनुष्यासारखं ताठ झालं. आशाताईने तिला कुशीवर वळवलं, तोंडातलं रक्त पुसलं, जीभ पकडायला निघालेल्या दिराचा हात मागे ओढला. खाली उतरून नवऱ्याने आणि दिराने गाड्या हटवायला लोकांच्या पाया पडून वाट काढली. सेंधव्यात ओळखीच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेरगावी गेलेले. दुसऱ्या दवाखान्याने आत घेतलं, तोवर दुसरा झटका येऊन गेला होता.

मी त्याच वेळी धुळ्याहून निघाले होते. वाटेत तापीचा पूल लागला. एवढा बडेजाव ज्या नदीचा, तो पूल पार करायला गाडीला मिनिटभरही लागलं नाही. मी खिडकीची काच खाली घेतली आणि त्या पाण्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. नवरा म्हणाला, शांत हो. त्यालाही दिल्या.

मी पोचले तेव्हा ऑपरेशन झालेलं होतं. मुलगी झाली होती, दोन हातांत मावेल एवढी. बहीण शुद्धीवर नव्हती. ओठ फाटलेले, तोंड इतकं सुजलेलं की आपलं माणूस म्हणून ओळखू येईना. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काही सांगता येणार नाही. बाळाला पेटीत ठेवलं होतं, पोरीला अजून मोठ्या ठिकाणी न्यायला हवं म्हणाले, तिचा बाप गाडी ठरवायला धावला. गाडी आली सकाळी. मुलगी त्याच्या तासभर आधी गेली. तिला गुंडाळायला कपडा नव्हता, पिशवीत बाळाचं काहीच नव्हतं ना. माझी ओढणी दिली.

बाकावर सासू माझ्याशेजारी बसली होती. मला तिचा गळा धरायचा होता. तेव्हा ती हळूच सांगायला लागली. तिचं पहिलं बाळंतपण. आठव्यात तिला माहेरी नेत होते, उन्हाळा होता, पात्रात पाणी कमी म्हणून बैलगाडी नदीतून घातली. मधोमध वाळूत कळा सुरू झाल्या. मुलगा झाला, वाळूतच गेला. तिथेच पुरला. "तवयपासून मी त्या नदीले भ्यास, अक्का," ती म्हणाली. तिची भीती खरी होती, तीस-पस्तीस वर्षं जपलेली. तिच्या त्या खऱ्या भीतीला मी माझं खोटं वाक्य जोडून दिलं होतं, मला गणवेश शिवायचे होते म्हणून. गळा धरायचा तर आधी स्वतःचा धरायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी बहिणीने डोळे उघडले. तिला दिसत नव्हतं. हाताने माझं तोंड चाचपून तिने विचारलं, "कोण?" डॉक्टर म्हणाले, दिसायला लागेल, असं होतं यात. आठ दिवसांत हळूहळू दिसायला लागलं. त्या आठ दिवसांत तिने बाळाबद्दल एकदाच विचारलं आणि पुन्हा विचारलं नाही. ती जगली. मी तेवढ्यासाठी देवापुढे डोकं टेकवलं, आणि टेकवतानाही चिडलेलीच होते.

गावी भेटायला बायका आल्या तेव्हा मी तिथे होते. एकीमागून एक येत होत्या, डोळ्याला पदर लावत होत्या आणि सगळ्यांच्या तोंडी तेच. "आठवानं लेकरू जगत नई, माय. सातवानं जगस." आणि मग, "आठवामा घरना उंबरा वलांडालेच नको व्हता." म्हणजे बघा. मुलगी गेली ती उशिरामुळे नाही, घाटामुळे नाही, दाबामुळे नाही. घराबाहेर पाऊल टाकलं म्हणून गेली. पुढच्या वेळी या गावात कोणा बाईला आठव्यात झटका आला तर तिला आरोग्य केंद्रातही नेणार नाहीत, घरात खाटेवर मरू देतील, आणि वर दाखला देतील माझ्या भाचीचा. माझं डोकं भणाणून गेलं. मी उभी राहिले आणि भरल्या ओसरीत ओरडले की हे सगळं थोतांड आहे, मी स्वतः आठव्यात नद्या ओलांडल्यात, ते वाक्य मी खोटं बोलले होते, माझ्याकडे काम होतं म्हणून बोलले होते.

कोणी विश्वास ठेवला नाही. दोघीतिघींनी मला धरून खाली बसवलं, पाणी दिलं. दुःखाने बोलतेय बिचारी, असं एकमेकींना म्हणाल्या. इतक्या बायकांत एकटीने विश्वास ठेवला. सासू माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे कोरडे झाले. "मंग मन्ही नात कसाले गयी, अक्का?" तिने विचारलं. त्या दिवसानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. तिचा मला राग नाही. या सगळ्यात तिच्याएवढा सरळ प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला नाही.

आबा मात्र अजून पारावर बसून महिने मोजतात. तसं मला कळतं.

पुढच्याच आठवड्यात बहिणीला धुळ्याला आणलं. तापी ओलांडून आणलं. आता कोणाची हरकत नव्हती, पोट रिकामं होतं. मागची खोली मी एका सकाळी मोकळी केली. अडीच तास लागले. गठ्ठे शेजारणीच्या गच्चीवर नेऊन टाकले, तिने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. तिसऱ्या शाळेचं काम सोडलं, त्यांनी दुसरीकडे दिलं, कोणाचं काही अडलं नाही. एवढं सोपं होतं ते. त्या मोकळ्या खोलीत उभी राहून मी भिंतीवर मुठी आपटल्या.

बहिणीला दूध येत होतं. ते आटायच्या गोळ्या चालू होत्या, छातीला घट्ट फडकं बांधलेलं. दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होते. सूज उतरली होती, पाय पुन्हा तिचे दिसत होते. मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्या फोनपासून. मी त्या वेळी काय विचार केला, कशी हसले, गेटवर काय बोलले नाही. मला वाटलं ती पाय ओढून घेईल.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तू हे मानत नाहीस ते. सासूने सांगितलं तेव्हाच कळलं की तुझ्याकडे गडबड असणार. चालायचंच."

"मग तिला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझी बहीण खोटं सांगतेय, असं?"

मी तेल लावायचं थांबले. तिने सांगितलं की डोकं तीन दिवस आधीपासून ठणकत होतं. आशाताईने सांगितलेली लक्षणं तिला पाठ होती. ते दुखणं साधं नाही हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिने मला फोनही लावला होता. मला आठवलं, मी उचलला होता, खांद्यावर धरून बोलले होते, "पटकन बोल गं, मशीनवर आहे." ती म्हणाली होती, "काही नाही, सहज."

मला तिचाही राग आला. इतकं शहाण्यासारखं कोणी वागतं का? मी तिच्यावर ओरडले. "बोंबलायचं होतंस! सांगायचं होतंस मला, की ने म्हणून, आत्ताच्या आत्ता ने म्हणून. कोणाला तरी सांगायचं होतंस!"

ती माझ्याकडे बघत राहिली. आता तिला नीट दिसत होतं.

"तू नको म्हटल्यावर," ती म्हणाली, "मी कोणाला सांगणार होते, अक्का?"